ॲथलेटिक ट्रेनरची व्यावसायिक सक्षमता : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

'ट्रेनर' हा शब्द मराठी वाचकाला अपरिचित नाही. व्यायामशाळेत कसरत करवून घेणारा मार्गदर्शक, असा त्याचा अर्थ आपल्याकडे रूढ झाला आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र 'ॲथलेटिक ट्रेनर' ही संज्ञा एका स्वतंत्र आरोग्यव्यवसायाची निदर्शक आहे. खेळाडूला दुखापत होऊ नये म्हणून दक्षता घेणे, दुखापत झाल्यास मैदानावरच तिचे स्वरूप ओळखून तातडीचे उपचार करणे, पुढे डॉक्टरांच्या सहकार्याने त्याचे पुनर्वसन करणे आणि तो पुन्हा खेळण्यास योग्य झाला आहे की नाही हे ठरविण्यात सहभागी होणे, ही कामे त्यात येतात. म्हणजे संघाला डावपेच शिकविणारा प्रशिक्षक वेगळा आणि खेळाडूच्या शरीराची काळजी वाहणारा ट्रेनर वेगळा.

हा भेद प्रारंभापासून स्पष्ट नव्हता. ट्रेनरला नेमके काय माहीत असावे आणि काय करता यावे, या प्रश्नाचे उत्तर गेल्या सव्वाशे वर्षांहून अधिक काळात अनेकदा बदलले. प्रस्तुत लेखात या बदलांचा आढावा घेऊन असे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे, की ज्ञान आणि कौशल्य यांच्या याद्या उत्तरोत्तर परिपूर्ण होत गेल्या. परंतु त्या ज्ञानानुसार निर्णय घेण्याचा अधिकार ट्रेनरला त्याच गतीने मिळाला नाही. सक्षमतेची चर्चा या अधिकाराला वगळून करता येत नाही.

मालीश करणारा ते ग्रंथकार

अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्रात ट्रेनरची नेमणूक झाल्याचे पहिले उदाहरण म्हणून हार्वर्ड विद्यापीठाचा निर्देश केला जातो. तेथे १८८१ मध्ये जेम्स रॉबिन्सन यांना फुटबॉल संघाच्या शारीरिक तयारीसाठी नेमण्यात आले. त्या काळचा ट्रेनर आपल्याकडील आखाड्यातील वस्तादाशी बराच मिळताजुळता होता. मेहनत करवून घेणे, आहार ठरविणे, अंग रगडणे, लचकलेला सांधा बांधणे ही सर्व कामे एकच व्यक्ती करीत असे. विद्या अनुभवाने मिळे आणि गुरूकडून शिष्याकडे जाई. लेप व मालिशीची तेले ज्याची त्याची स्वतःची असत. या विद्येची परीक्षा घेण्याचे कोणतेही साधन नव्हते. ज्याचा संघ जिंके तो ट्रेनर चांगला, अशी सरळ समजूत होती.

येल आणि पेनसिल्व्हेनिया येथे नावारूपास आलेले मायकेल मर्फी हे या परंपरेतील सर्वांत ख्यातनाम ट्रेनर होत. १९०८ आणि १९१२ च्या ऑलिंपिक स्पर्धांत अमेरिकी संघाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. १९१३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढील वर्षी त्यांचा 'ॲथलेटिक ट्रेनिंग' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यानंतर १९१७ मध्ये डॉ. सॅम्युएल बिलिक यांचा 'द ट्रेनर्स बायबल' हा ग्रंथ आला. खेळातील दुखापतींचा आणि त्यांवरील उपचारांचा पद्धतशीर विचार करणारा आरंभीचा ग्रंथ म्हणून त्याला मान आहे. तोंडी परंपरेने चालत आलेले ज्ञान ग्रंथात उतरले, की ते तपासता येते आणि चुकीचे असल्यास खोडताही येते. व्यवसायाच्या दृष्टीने या ग्रंथांचे महत्त्व यातच आहे.

१९०५ चे संकट

दुखापतींची दखल घेणे भाग पडावे, अशी परिस्थिती तत्पूर्वीच निर्माण झाली होती. १९०५ च्या हंगामात अमेरिकन फुटबॉल खेळताना किमान १८ खेळाडूंना प्राण गमवावे लागले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ऑक्टोबर १९०५ मध्ये हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन येथील प्रतिनिधींना व्हाइट हाऊसमध्ये पाचारण केले. खेळाचे नियम बदलण्यात आले आणि १९०६ मध्ये आंतरमहाविद्यालयीन क्रीडासंघटना स्थापन झाली. तीच १९१० पासून 'नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन' या नावाने ओळखली जाते.

जानेवारी १९०६ मध्ये हार्वर्ड संघाचे डॉक्टर एडवर्ड निकल्स व होमर स्मिथ यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात संघाच्या दुखापतींचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. डोक्याला मार बसून मेंदूला हादरा बसण्याच्या घटना जवळजवळ प्रत्येक सामन्यात घडल्या होत्या आणि खेळाडू मात्र ही दुखापत क्षुल्लक मानीत होते, असे निरीक्षण त्यांनी नोंदविले. धोका लेखी स्वरूपात मांडला गेला होता. पण तो ओळखून खेळाडूला बाहेर काढण्याची जबाबदारी आणि तसा अधिकार नेमका कोणाचा, हे ठरले नव्हते. या प्रश्नाला कायद्याचे उत्तर मिळण्यास शतकाहून अधिक काळ लागला. वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्ये केलेल्या कायद्यानुसार मेंदूला हादरा बसल्याचा संशय येताच शालेय खेळाडूस बाहेर काढणे आणि आरोग्यव्यावसायिकाच्या लेखी परवानगीविना परत न खेळविणे बंधनकारक झाले. पुढील पाच वर्षांत या विषयावरील कायदे सर्व राज्यांत झाले.

संघटना, अभ्यासक्रम आणि परीक्षा

ट्रेनरांची पहिली राष्ट्रीय संघटना १९३८ मध्ये स्थापन झाली. परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ मध्ये ती बंद पडली. १९५० मध्ये मिझुरी राज्यातील कॅन्सस सिटी येथे 'नॅशनल ॲथलेटिक ट्रेनर्स असोसिएशन' ही आजची संघटना उदयास आली. पर्ड्यू विद्यापीठातील विल्यम न्यूएल यांनी १९५५ ते १९६८ या काळात तिच्या कार्यवाहपदाची धुरा वाहिली. १९५६ मध्ये संघटनेचे नियतकालिक सुरू झाले आणि १९५९ मध्ये पहिला आदर्श अभ्यासक्रम मान्य करण्यात आला.

या अभ्यासक्रमाची घडण लक्षणीय आहे. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, हालचालींचे शास्त्र, मानसशास्त्र, आहारशास्त्र, प्रथमोपचार इत्यादी विषय त्यात होते. त्यांपैकी बहुतेक विषय शारीरिक शिक्षण विभागांत आधीपासूनच शिकविले जात होते; ट्रेनरच्या खास कामाशी निगडित असा भाग थोडाच होता. विद्यार्थ्याने शिक्षकाची पात्रताही मिळवावी आणि पुढे फिजिओथेरपीच्या शिक्षणास प्रवेश घेता यावा, अशी रचना त्यामागे होती. ट्रेनर म्हणून स्वतंत्र नोकरी मिळेलच याची शाश्वती नसल्याने ही तडजोड व्यवहार्य होती. तथापि 'ट्रेनरचे असे खास ज्ञान कोणते?' हा प्रश्न तिने पुढे ढकलला.

१९६९ मध्ये पहिले पदवी अभ्यासक्रम संघटनेने मान्य केले आणि १९७० मध्ये पहिली प्रमाणपत्र परीक्षा घेतली. १९७१ मध्ये टेक्सास राज्याने ट्रेनरांसाठी परवान्याचा कायदा केला; असे करणारे ते पहिले राज्य होय. तरीही परीक्षेस बसण्याचे मार्ग अनेक होते. मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाबरोबरच उमेदवारीचा मार्गही खुला होता. पुढील काळात या दुसऱ्या मार्गाने येणाऱ्यास १५०० तासांचा प्रत्यक्ष अनुभव आवश्यक असे, तर मान्य अभ्यासक्रमातील विद्यार्थ्यास ८०० तास पुरत. 'तास भरले म्हणजे विद्या आली' हे गृहीतक त्यामागे होते. हजार वेळा घोटा बांधणाऱ्यास मानेच्या मणक्याची दुखापत एकदाही हाताळावी लागली नसेल, ही शक्यता तासांच्या हिशेबात दिसत नाही. उमेदवारीचा मार्ग अखेर २००४ मध्ये बंद करण्यात आला.

सक्षमतांची यादी

तासांऐवजी प्रत्यक्ष क्षमता मोजावी, या विचाराला १९८२ मध्ये झालेल्या व्यावसायिक भूमिकेच्या अभ्यासाने बळ मिळाले. ट्रेनर दैनंदिन कामात नेमके काय करतो, याचे पृथक्करण करून त्यावरून आवश्यक ज्ञान व कौशल्ये निश्चित करण्यात आली. १९८३ मध्ये शिक्षणक्रमासाठी सक्षमतांची पहिली यादी तयार झाली. १९९० मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ॲथलेटिक ट्रेनिंगला वैद्यकाशी संलग्न आरोग्यव्यवसाय म्हणून मान्यता दिली. त्यामुळे अभ्यासक्रमांचे मूल्यांकन संघटनेकडून बाह्य संस्थेकडे गेले. २००६ पासून हे काम स्वतंत्र अधिस्वीकृती आयोग पाहतो.

यादीच्या आवृत्त्यांची तुलना उद्बोधक आहे. १९९९ च्या आवृत्तीत १२ विषयक्षेत्रे होती. त्यांत दुखापतींचे निदान व तातडीचे उपचार यांच्या जोडीला औषधशास्त्र, सर्वसाधारण आजार, आहार आणि मानसिक आधार यांचा समावेश होता. प्रत्येक क्षेत्रात बौद्धिक ज्ञान, हाताचे कौशल्य आणि वृत्ती असे तीन पैलू वेगळे मांडले होते. २०११ च्या पाचव्या आवृत्तीत ही मांडणी आठ क्षेत्रांत झाली: पुराव्यावर आधारित व्यवहार, प्रतिबंध व आरोग्यसंवर्धन, चिकित्सात्मक तपासणी व निदान, तातडीची सेवा, उपचारात्मक हस्तक्षेप, मानसिक-सामाजिक उपाय व योग्य तज्ज्ञाकडे पाठवणी, आरोग्यसेवेचे व्यवस्थापन आणि व्यावसायिक विकास व जबाबदारी. 'पुराव्यावर आधारित व्यवहार' यास स्वतंत्र स्थान मिळाले, ही महत्त्वाची गोष्ट होय. ट्रेनरने रीत केवळ पाळावी एवढे पुरेसे राहिले नाही. ती रीत योग्य का, हे त्याला सांगता आले पाहिजे. २०१५ मध्ये प्रवेशपातळीची पात्रता पदव्युत्तर करण्याचा निर्णय झाला आणि २०२२ नंतर व्यवसायप्रवेशाच्या पदवी अभ्यासक्रमांत नवे विद्यार्थी घेणे थांबले.

ज्ञान आणि अधिकार

या प्रगतीची कसोटी मैदानावर लागते. १ ऑगस्ट २००१ रोजी मिनेसोटा वायकिंग्ज या व्यावसायिक संघाचे कोरी स्ट्रिंगर यांचा सरावातील उष्माघाताने मृत्यू झाला. श्रमजन्य उष्माघाताविषयी आज शास्त्रीय मत स्पष्ट आहे. शरीराच्या आतील तापमान गुदद्वारामार्गे मोजावे, कारण त्वचेवरील वा तोंडातील तापमान अशा वेळी फसवे असते. खेळाडूस तत्काळ थंड पाण्याच्या टबात बुडवावे आणि अर्ध्या तासाच्या आत तापमान सुमारे ३९ अंश सेल्सिअसपर्यंत खाली आणावे. डॉक्टर घटनास्थळी नसल्यास 'आधी थंड करा, मग रुग्णालयात न्या' हा क्रम पाळावा. राष्ट्रीय संघटनेने या विषयावरील भूमिकापत्र २००२ मध्ये प्रसिद्ध केले आणि २०१५ मध्ये ते सुधारले.

असे असूनही मे २०१८ मध्ये मेरीलँड विद्यापीठाचे फुटबॉलपटू जॉर्डन मॅकनेअर सरावात उष्माघाताने कोसळले आणि १३ जून रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे वय १९ वर्षे होते. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या स्वतंत्र तपासणी अहवालानुसार त्यांचे तापमान मोजले गेले नव्हते, तसेच त्यांना थंड पाण्यात बुडविण्यातही आले नव्हते. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी कायदेशीर व नैतिक जबाबदारी स्वीकारली. मॅकनेअर यांच्या नावाचा कायदा मेरीलँड राज्याने २०२१ मध्ये केला. येथे आवश्यक ज्ञान उपलब्ध होते आणि ते प्रत्येक पाठ्यक्रमात होते. उणीव होती ती ज्ञान तत्काळ अमलात आणणाऱ्या व्यवस्थेची.

याच्या उलट उदाहरण २ जानेवारी २०२३ चे आहे. सिनसिनाटी येथील सामन्यात बफेलो बिल्सचे डमार हॅमलिन यांच्या छातीवर आघात झाला आणि त्यांचे हृदय थांबले. साहाय्यक ट्रेनर डेनी केलिंग्टन यांनी तत्परतेने छातीवर दाब देणे सुरू केले. विद्युत्-धक्क्याचे उपकरणही जवळच होते. हॅमलिन वाचले आणि त्याच वर्षी पुन्हा मैदानात उतरले. या व्यावसायिक स्पर्धेत प्रत्येक सामन्यापूर्वी दोन्ही संघांची वैद्यकीय पथके एकत्र येऊन आपत्कालीन योजना निश्चित करतात. कोणी काय करायचे हे आधी ठरलेले असल्याने मौल्यवान क्षण विचारण्यात गेले नाहीत.

अधिकाराचा प्रश्न मात्र आपत्कालीन तयारीपुरता मर्यादित नाही. ट्रेनरचे वेतन बहुधा क्रीडाविभाग देतो आणि त्या विभागात प्रशिक्षकाचा शब्द वजनदार असतो. खेळाडूला आज खेळवू नये, असे ट्रेनरने म्हटले आणि प्रशिक्षकाला तो हवा असला, तर अंतिम शब्द कोणाचा? या प्रश्नाची औपचारिक दखल २०१६ मध्ये घेतली गेली. महाविद्यालयीन क्रीडासंघटनेच्या पाच प्रमुख परिषदांनी त्या वर्षी नियम करून वैद्यकीय निर्णयात डॉक्टर व ट्रेनर यांचा अधिकार प्रशिक्षकापासून स्वतंत्र ठरविला.

निष्कर्ष

ॲथलेटिक ट्रेनरच्या सक्षमतेचा इतिहास तीन टप्प्यांत पाहता येतो. पहिल्या टप्प्यात सक्षमता व्यक्तीच्या अनुभवात होती. दुसऱ्या टप्प्यात ती ग्रंथ, अभ्यासक्रम व परीक्षा यांत आली आणि म्हणून तपासता येऊ लागली. तिसरा टप्पा अद्याप पूर्ण झालेला नाही. त्यात सक्षमता संस्थेच्या रचनेतही उतरावी लागते. थंड पाण्याचा टब सरावाच्या जागी भरून ठेवलेला नसेल, तर उष्माघाताचे अचूक निदान करणारा ट्रेनरही हतबल ठरतो. 'थांबा' म्हणण्याचा अधिकार नसेल, तर त्याचे ज्ञान कागदावरच राहते.

महाविद्यालयीन शिक्षणाशी संबंधित प्रत्येकास हा इतिहास विचारप्रवृत्त करणारा आहे. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत खेळाडूंची निवड, सराव आणि सुरक्षितता या तिन्हींचा भार अनेकदा शारीरिक शिक्षण संचालकांच्या एकाच पदावर येतो. १८८१ च्या ट्रेनरप्रमाणे सर्व भूमिका एकाच व्यक्तीत एकवटल्या, की जिंकण्याची निकड आणि शरीराची काळजी यांतील संघर्षही त्याच व्यक्तीच्या मनात लढला जातो. अमेरिकेतील व्यवस्था जशीच्या तशी स्वीकारणे येथे शक्य नाही व आवश्यकही नाही. आंतरमहाविद्यालयीन सामन्यापूर्वी लेखी आपत्कालीन योजना असावी आणि खेळाडूस बाहेर काढण्याचा निर्णय संघाच्या जय-पराजयाशी संबंध नसलेल्या व्यक्तीकडे असावा, एवढा बोध मात्र अल्प साधनांतही अमलात आणता येण्यासारखा आहे.