वाढणारे घर

भीमेच्या खोऱ्यात, शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकसारख्या गावांत, घर केवढे आहे हे पूर्वी चौरस फुटांत सांगत नसत. 'पाच खणांचे घर' म्हटले की ऐकणाऱ्याला अंदाज येई. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. तो हवा तेवढा रुंद करता येत नसे, कारण तुळयांवर आडव्या टाकलेल्या कड्या वाकतात. कडीची लांबी दुप्पट केली आणि मधोमध तेवढेच वजन ठेवले, तर ती आठपट वाकते. (वर्गात लाकडी पट्टी घेऊन हे सहज पडताळता येईल.) म्हणून खण लहानच राहिला आणि घर खणाखणाने वाढले. पीक चांगले आले, मुलाचे लग्न ठरले, की एक खण पुढे.

शहरात हे जमत नाही. चाळीत भिंत शेजाऱ्याची आणि छत वरच्या बिऱ्हाडाची जमीन, वाढायचे कुठे?

या अडचणीवर नव्या मुंबईत एक लक्षणीय प्रयोग झाला. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. तिच्यासाठी कोरियांनी १९८३ ते १९८६ या काळात बेलापूरला बैठी व एकमजली घरे उभारली. ही वसाहत 'आर्टिस्ट्स व्हिलेज' म्हणून ओळखली जाते. कोरियांनी खणाची नक्कल केली असे आम्हाला म्हणायचे नाही. प्रश्न मात्र तोच होता.

त्यांचे उत्तर साधे होते. प्रत्येक घराची जमीन स्वतंत्र, भिंती स्वतंत्र. एकाने भिंत पाडली तर दुसऱ्याच्या घराला तडा जात नाही. भूखंड सुमारे ४५ ते ७५ चौरस मीटरचे, म्हणजे लहानमोठ्या उत्पन्नांच्या कुटुंबांत जमिनीचा फरक थोडाच. साधारण सात घरांमध्ये आठ मीटर लांबरुंद चौक. बांधकाम विटांचे, गावच्या गवंड्याला जमेल असे.

पुढे अनेक मालकांनी मूळ घर पाडून काँक्रीटचे मजले उभारले. याला प्रयोगाचे अपयश म्हणणे आम्हाला पटत नाही. वाढण्यासाठीच तर ती घरे होती. चूक असलीच तर छपरात होती. उतरत्या कौलारू छपरावर मजला चढत नाही. ते आधी उतरवावे लागते, आणि एकदा छप्पर उतरवले की जुन्या भिंती तरी कोण ठेवतो?