डेरा कुठे द्यावा?

विजयादशमीला शमीपूजन झाले, आपट्याची पाने वाटून झाली, की एके काळी महाराष्ट्रातली हजारो माणसे घराचा उंबरठा ओलांडून मुलूखगिरीस निघत. नद्यांचे पूर ओसरलेले असत, वाटांवरचा चिखल वाळलेला असे, माळावर गवत गुडघाभर वाढलेले असे. घोड्याला चारा आणि माणसाला वाट मिळण्याचे हेच दिवस. सीमोल्लंघन हा तेव्हा नुसता सण नव्हता. ते फौजेचे पंचांग होते. त्यामुळे दसऱ्यामागून येणारी दिवाळी ह्या मंडळींच्या नशिबी बहुधा घरची नसेच. अभ्यंगस्नान कुठल्या तरी परक्या नदीवर आणि पणती लावायची ती राहुटीच्या दाराशी!

इतिहासाची पुस्तके वाचताना मला नेहमी एक रुखरुख वाटते. लढाई कोणत्या तिथीला झाली, कोण पडला, कोणी पळ काढला, हे सारे त्यांत सविस्तर असते. पण लढाई वर्षातून दोन-चार दिवसांची. मुक्काम मात्र रोजचा. सूर्य कलू लागला की हजारो माणसे, घोडी, बैल आणि उंट ह्यांना घेऊन आज उतरायचे कुठे, हा प्रश्न सेनापतीपुढे रोज नव्याने उभा राहायचा. ह्या प्रश्नाचे उत्तर चुकले, तर शत्रूने तलवार उपसण्याआधीच फौज अर्धी हरलेली असे.

आपल्या भाषेने ह्या उतरण्याचे दोन प्रकार मानले आहेत. वाटचालीत एक-दोन रात्री टेकायचे तो मुक्काम. पावसाळाभर एके ठिकाणी राहायचे ती छावणी. आज आपण हे दोन्ही शब्द सैल हाताने वापरतो. पण छावणी ह्या शब्दात छावण्याचे, म्हणजे गवताने शाकारण्याचे, काम दडलेले आहे. चार महिन्यांच्या पावसात कापडाचा काय पाड लागणार? तिथे छप्परच हवे. निवाऱ्यातही थोरथोर भेद होते. सरदाराचा प्रशस्त डेरा आणि त्याभोवती कनाती, शिलेदाराची राहुटी, आणि ज्याला तीही परवडत नसे त्याचे पाल, म्हणजे दोन काठ्या आणि त्यांवर टाकलेले एक जाडेभरडे कापड.

जागा निवडण्याचे काम बिनीवाल्याचे. बिनी म्हणजे फौजेची आघाडी. पानिपतानंतर उत्तरेत मराठ्यांचा दबदबा पुन्हा बसविणाऱ्या मोहिमेतले विसाजी कृष्ण हे बिनीवाले म्हणूनच इतिहासाला ठाऊक आहेत. बिनीवाल्याचे रोजचे काम कसे चाले, ह्याचे चांगले वर्णन एका इंग्रजाने करून ठेवले आहे. टॉमस ब्रॉटन हा १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या लष्कराबरोबर राजपुतान्यात हिंडत होता. इंग्रज रेसिडेंटाच्या रक्षकतुकडीचा तो अधिकारी. त्याने आपल्या पत्रांत लिहिले आहे की बिनीवाला मुख्य फौजेच्या काही तास आधी निघे आणि एक लहानसे पांढरे निशाण बरोबर घेई. ते निशाण रोवले की महाराजांची देवडी तिथे, हे ठरले. मग वेगवेगळ्या बाजारांची निशाणे जमिनीच्या उताराप्रमाणे जमेल तितक्या सरळ रेषेत लागत, वाणी-उदमी दोन्ही बाजूंनी दुकाने मांडत, आणि लष्कराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच लांबलचक रस्ता तयार होई. जागा रोज नवी, पण नकाशा जुनाच. त्यामुळे काल ज्याचा गोट देवडीच्या उजव्या हाताला होता, त्याला आजही आपले घर शोधत हिंडावे लागत नसे.

मोगलांची तऱ्हा ह्याहून डौलाची. बादशाहासाठी तंबूंचे दोन संपूर्ण संच असत. एका मुक्कामी बादशाहा झोपलेला असतानाच दुसरा संच पुढच्या मुक्कामी उभा होत असे. ह्या पुढे जाणाऱ्या सरंजामाला पेशखाना म्हणत. अकबराच्या वेळी अशा एका तळाच्या वाहतुकीला १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाडे आणि १०० हमाल लागत, असा हिशेब अबुल फजलने दिला आहे. त्यानेच आणखी एक गोष्ट नोंदविली आहे, ती दिवाळीच्या दिवसांत मुद्दाम सांगण्याजोगी. बादशाही डेऱ्यापुढे ४० गजांहून उंच खांब १६ दोरांनी ताणून उभा करीत आणि त्याच्या टोकाला मोठा दिवा लावीत. त्याचे नाव आकाशदिया! पुढे औरंगजेबाबरोबर दिल्लीहून काश्मीरला निघालेल्या बर्निए नावाच्या फ्रेंच वैद्याने ह्या दिव्याचे उपकार मानले आहेत. संध्याकाळी शेणी आणि ओली लाकडे पेटली की सारा तळ धुराने असा कोंदून जाई की शेजारचा तंबू दिसू नये. अशा वेळी वाट चुकलेल्यास तो उंचावरचा दिवाच काय तो आधार. आपण दारी आकाशकंदील टांगतो तो शोभेसाठी; तिथे तो घर सापडावे म्हणून टांगलेला असे.

पण निशाण रोवण्यापूर्वी बिनीवाल्याची नजर काय शोधत असेल? पहिले पाणी. तेही नुसते असून भागत नाही. माणसांनी वरच्या अंगाला भरावे, जनावरांनी त्याखाली प्यावे, धुणीभांडी सर्वांत खाली व्हावी, इतका प्रवाह लांब आणि वाहता हवा. दुसरी जमीन. काळ्या रानात मेख सहज ठोकली जाते आणि पावसाच्या एका सरीबरोबर तितक्याच सहज उपटूनही येते. शिवाय गाड्यांची चाके आसापर्यंत रुततात. मुरमाड माळ मेखेला हट्ट करतो, पण पाणी धरून ठेवीत नाही. तिसरे वैरण आणि सरपण. फौज पोटावर चालते हे खरेच, पण त्या पोटांत घोड्याचे आणि बैलाचे पोट मोठे. कहीवाले चारा आणायला जवळच्या जवळ जाऊन परत आले पाहिजेत. लांब गेले की शत्रूच्या हाती लागलेच. आणि चौथी गोष्ट निघण्याची वाट. उतरताना सोयीची वाटणारी जागा सोडतानाही सोयीची असावी लागते.

ह्यांपैकी एकेक गोष्ट विसरल्याने काय होते, ह्याचे दाखले आपल्याच मुलखात आहेत. मराठ्यांचे किल्ले घेण्याच्या हट्टाने औरंगजेब दक्खनेत तळ हलवीत राहिला. भीमाकाठच्या ब्रह्मपुरीस तर १६९५ पासून १६९९ पर्यंत त्याचे बिऱ्हाड होते. गावाचे नाव बदलून इस्लामपुरी केले होते. पुढे १७०० साली सातारा आणि परळी घेतल्यावर त्याची फौज विश्रांतीसाठी माण नदीच्या काठी खवासपूरला उतरली. माणदेशातली ही नदी वर्षातले कितीतरी दिवस वाळूचीच असते. परक्याला ती वाळू म्हणजे सपाट, मऊ, आयते अंगण वाटावे. तंबू पात्रात आणि काठांवर पसरले. ऑक्टोबरच्या आरंभी एका रात्री वरच्या डोंगरांत पाऊस कोसळला आणि माणसे झोपेत असताना पाण्याचा लोंढा तळावर आला. एकच हलकल्लोळ उडाला. मराठे आत शिरले अशा समजुतीने म्हातारा बादशाहा घाईने उठला, अडखळून पडला आणि त्याचा गुडघा निखळला. तो पुढे जन्मभर लंगडत चालला. हा तर तुमचे पूर्वज तैमूर ह्यांचा वारसा, असे म्हणून दरबाऱ्यांनी त्याचे समाधान केले म्हणतात. गावातल्या एखाद्या मेंढपाळाला विचारले असते, तर त्या दिवसांत पात्रात उतरू नका, एवढे त्याने खचित सांगितले असते.

दुसरा दाखला असईचा. १८०३ च्या सप्टेंबरात शिंदे आणि नागपूरकर भोसले ह्यांच्या फौजा भोकरदनजवळ केळणा आणि जुई ह्या दोन नद्यांच्या दुबेळक्यात उतरल्या होत्या. मी ती जागा पाहिली आहे. पाणी दोन्ही अंगांना, समोर केळणेचे उंच कडे. जागा वाईट निवडली असे कोणीही म्हणणार नाही. नदीला जवळपास उतार नाही, असेच वेलस्लीचे वाटाडेही सांगत होते. पण त्याने दुर्बिणीतून पाहिले तो नदीच्या ह्या काठी एक गाव आणि बरोबर समोर त्या काठी दुसरे. दोन गावे अशी तोंडासमोर तोंड करून बसली आहेत, त्या अर्थी त्यांच्यात जाणेयेणे असलेच पाहिजे, आणि जाणेयेणे असेल तर उतारही असलाच पाहिजे, असे त्याने ताडले. उतार निघाला. २३ सप्टेंबरला तो तिथूनच पार झाला आणि दौलतरावांच्या कवायती पलटणींना मोर्चा फिरवून उभे राहावे लागले. नदी ही सैन्याच्या दृष्टीने भिंत असते. गावाच्या दृष्टीने ती ओलांडायची असते. हे ज्याने ओळखले त्याची सरशी झाली.

पानिपताची जखम तर दर संक्रांतीला ठणकते. १७६० च्या ऑक्टोबरअखेर अब्दाली बागपतला यमुना उतरला आणि मराठे पानिपत गावाच्या आश्रयाने खंदक खणून, तोफा रोवून बसले. तोफखान्याच्या लढाईला जागा बेलाग होती. उणीव एकच, आणि ती जिवावर बेतणारी. अब्दाली दिल्लीच्या वाटेवर, म्हणजे मराठे आणि त्यांची रसद ह्यांच्या मधोमध बसला होता. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि दाणावैरण आणणारा हातच तुटला. बायकामुले, यात्रेकरू, बाजारबुणगे ह्यांच्यासह तो प्रचंड समुदाय अडीच महिने एकाच जागी कोंडला गेला. १४ जानेवारी १७६१ ला जी फौज बाहेर पडली ती उपाशी पोटी. पाणी, जमीन, आडोसा सारे पाहिले होते. निघण्याची वाट तेवढी आपल्या हाती राहिली नव्हती.

इथवर सांगितले ते फौजेच्या सोयीचे. परंतु ज्या रानात निशाण रोवले जाई ते रान कोणाचे तरी असे. ते पेरलेले असे. त्याच्या शेजारी चाळीस-पन्नास उंबऱ्यांचे गाव असे, आणि त्या गावात वर्षभराची कणगी असे. डेऱ्याच्या जागेचा विचार ह्या बाजूने करणारा सेनापती इतिहासात विरळा. म्हणूनच शिवाजी महाराजांचे चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना गेलेले, राज्याभिषेकाच्या सुमाराचे, पत्र मला साऱ्या बखरींहून मोलाचे वाटते.

पागा पावसाळ्यासाठी चिपळूणकडे उतरली होती. महाराज लिहितात ते थोडक्यात असे: दाणा-गवताची बेगमी सबंध पावसाळ्याच्या हिशेबाने केली आहे. आताच उधळून टाकाल तर भर पावसात काही मिळणार नाही. घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. मग लोक कुणब्यांच्या घरी जातील; कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी फाटे, कोणी भाजीपाला. कुणबी जीव मुठीत धरून राहिले आहेत, तेही परागंदा होतील. त्यांना वाटेल, ह्यांच्यापेक्षा मोगल बरे! आणि मग पत्र विस्तवावर येते. गवताच्या गंजीशेजारी कोणी स्वयंपाक करील, कोणी चिलीम ओढील, वारा कुठला आहे ते पाहणार नाही. रात्री दिवा तसाच ठेवाल, तर जळती वात उंदीर ओढून नेईल. एक झोपडी पेटली की सारी छावणी जळेल.

सिंहासनावर बसू पाहणारा हा पुरुष छावणीतल्या उंदराचा विचार करतो आहे! पण मला त्याहून थोर वाटते ती त्याची मोजपट्टी. छावणी नीट बसली की नाही, हे शत्रू किती लांब आहे ह्यावरून तो ठरवीत नाही. शेजारचा कुणबी आपल्याविषयी काय म्हणतो, ह्यावरून ठरवितो. हाच धागा पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दिसतो. आरमाराला लाकूड हवे, पण रयतेची आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत. फारच जीर्ण झाड असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. लेकरासारखे वाढविलेले झाड तोडल्याचे दुःख त्याला किती होईल, हेही तिथे सांगितले आहे.

हा धडा सदैव पाळला गेला असे मात्र नाही. फौजेने तुडविलेल्या पिकाला पायमल्ली म्हणत आणि त्याबद्दल सरकार गावाला सूट देई, ही चांगली रीत पेशवाईच्या कागदांत आढळते. पण त्याच काळात घासदाणा हे एका खंडणीचे नाव होऊन बसले. घोड्यासाठी घास आणि दाणा मागणारी फौज, ती न उतरताही त्याचे पैसे मागू लागली. तळावरच्या अशा बेलगाम गर्दीवरून बाजारबुणगे ही शिवी आपल्या भाषेत कायमची राहिली. उत्तरेत मराठ्यांना ऐन प्रसंगी शेजारी का मिळाले नाहीत, ह्याची अनेक राजकीय कारणे आहेत. त्यांत ह्या तुडविलेल्या रानांचाही वाटा आहे, असे माझे मत आहे.

काही तळ मात्र उठलेच नाहीत. दौलतरावांचे लष्कर १८१० साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली उतरले ते तिथेच राहिले आणि त्याचे शहर झाले. त्या शहराचे नावच लष्कर. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी पुण्याच्या पूर्वेस राहुट्या ठोकल्या, त्या जागेला पुणेकर अजूनही लष्कर किंवा कॅम्प म्हणतात. बिनीवाल्याने चांगली जागा पाहिली तर निशाणाच्या जागी पेठा वसतात, त्या अशा.

आता घोडी गेली, कही गेली. पण डेरे पुन्हा आले आहेत. दिवाळीच्या सुटीत पवनेच्या धरणाकाठी किंवा सह्याद्रीच्या एखाद्या पठारावर कापडी तंबूत रात्र काढायला कुटुंबेच्या कुटुंबे जातात, आणि मला त्याचे कौतुकच वाटते. वाचकांपैकी कोणी ह्या सुटीत जाणार असतील, तर त्यांनी बिनीवाल्याच्या नजरेने चार गोष्टी पाहाव्यात. पाणी कुठले, पाऊस आला तर ते वाहत कुठून येईल, वारा कोणत्या अंगाचा आहे आणि विस्तव कुठे ठेवायचा. कोरडी दिसते म्हणून ओढ्याच्या पात्रात पथारी पसरू नये. आणि पाचवी गोष्ट, मेख ठोकण्याआधी करायची: हे रान कोणाचे, ते गावात विचारून त्याची परवानगी घ्यावी. सकाळी तंबू गुंडाळल्यावर तिथे राख, कागद आणि बाटल्या मागे राहू नयेत. आपण निघून गेल्यावर त्या शेताचा धनी आपल्याविषयी काय म्हणेल, हे महाराजांनी आपल्या जुमलेदारांना विचारले होते. पोराबाळांना घेऊन जाणाऱ्या आपणालाही ते विचारायला हरकत नाही.