आईनंतरचं घर

मोठी माय, म्हणजे माझी आजी, वर्षं आकड्यांत सांगत नसे. छप्पन्याचा दुष्काळ, प्लेगाची साथ, तापीचा महापूर, शिरीषकुमारला गोळी लागली तो पावसाळा, अशी तिची कालगणना. ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे सोबती गोळीबारात गेले. त्याच पावसाळ्यात, शहादा तालुक्यातल्या आमच्या गावी तिचे धाकटे दीर जन्मले. आम्ही सगळे त्यांना बापू म्हणायचो. मोठी माय तेव्हा त्या घरात आलेली नव्हती. ही हकिगत तिला तिच्या सासूनं सांगितली आणि तिनं आम्हाला.

दोन रात्री कळा चालल्या. नदी भरलेली, डॉक्टर पलीकडच्या तीरावर. बाळ जन्मलं ते रडलंच नाही. सुईणीनं कानाशी काशाची थाळी बडवली, अंगावर गार पाणी शिंपडलं, तोंडात फुंकर घातली. बऱ्याच वेळानं बाळ हुंकारलं आणि घरानं गूळ वाटला. ते चौथ्या वर्षी चालायला लागलं, सातव्या वर्षी ‘माय’ म्हणालं आणि पुढे मोजकेच शब्द शिकलं. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला असावा, असं आज कुणीही बालरोगतज्ज्ञ ही हकिगत ऐकून म्हणेल. अडलेलं बाळंतपण, तान्हेपणी वाढलेली कावीळ, मेंदूज्वर, आईच्या आहारातली आयोडीनची कमतरता ही बौद्धिक अपंगत्वाची टाळता येण्याजोगी कारणं आहेत. सातपुड्याच्या पाड्यांवरून अजूनही बाळंतिणीला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. त्यामुळे बापूंच्या जन्माची कथा जुनी झाली, असं मला म्हणवत नाही.

बापूंना शिकवायला शाळा नव्हती. मोठी माय सतराव्या वर्षी सून म्हणून आली आणि त्यांची मास्तरीण झाली. आमच्याकडे मिरची तोडून आणली की अंगणात पसरायची, आणि वाळली की देठ खुडायला सगळं घर बसायचं. मोठी माय बापूंच्या मागे बसून त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात धरी. डाव्या हातात मिरची, उजव्या अंगठ्याचं नख देठाच्या टोपीखाली, एक हलका झटका. असा एक अख्खा हंगाम तिनं त्यांच्या हातांवर हात ठेवून काढला. दुसऱ्या हंगामात हात सोडला, नुसती शेजारी बसली. तिसऱ्या वर्षी बापू एकटे बसून पोतं रिकामं करू लागले. लाल मिरची एका बाजूला आणि रंग उडालेली फटकी दुसऱ्या बाजूला, ही निवड तर त्यांच्याइतकी चोख घरात कुणाची नव्हती. संध्याकाळी हात जळजळायचे. मोठी माय त्यांना तेल चोळून देई आणि दादर ज्वारीच्या भाकरीचा पहिला घास त्यांच्या हातात ठेवी. विशेष शिक्षणाचं प्रशिक्षण घेणारी मुलं आज हीच रीत पुस्तकातून शिकतात: काम लहान तुकड्यांत तोडायचं, आधी हात धरायचा, मग हळूहळू सोडायचा.

‘पूर्वी गावच अशांना सांभाळायचं’ हे वाक्य आमच्या भागात वडीलधाऱ्यांच्या तोंडी फार. बापू सारंगखेड्याच्या दत्तयात्रेत हरवले तेव्हा ते खरंही ठरलं. घोड्यांच्या बाजारात एका व्यापाऱ्याच्या राहुटीत ते झोपलेले सापडले. व्यापाऱ्यानं त्यांना दूध पाजलं होतं, अंगावर घोंगडी घातली होती, आणि माणूस कोणत्या गावचा याचा निरोप चारही दिशांना धाडला होता.

पण मोठी मायच दुसरी गोष्टही सांगे. गावातल्या एका मोठ्या खळ्यावर एक भिल्ल तरुण होता, तोही बापूंसारखाच. आईबाप लहानपणी गेलेले. तो गोठ्यात झोपायचा, पहाटे शेण काढायचा, दिवसभर गुरांमागे असायचा. मिळायची ती भाकर आणि अंगावर उतरलेले कपडे. ‘त्याला सांभाळला’ असं खळ्याचा मालक अभिमानानं म्हणे. सालदारांचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्यांचं, साल अक्षय्यतृतीयेला ठरतं, मजुरी, धान्य, जोडे सगळं बोलून घेतलं जातं. या माणसाचं साल कधी कुणी ठरवलंच नाही. १९७२ मध्ये शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंतींसारख्या कार्यकर्त्यांच्या पाठीशी आदिवासी मजूर आणि सालदार एकवटले, मजुरी मागू लागले, गेलेल्या जमिनी मागू लागले. गावातले सालदार मोर्चाला गेले, त्या दिवशीही तो गुरं घेऊन रानात गेला. त्याच्या वतीनं मागणारं कुणी नव्हतं. मोठी माय म्हणायची, ‘बापूला घर होतं म्हणून तो घरचा झाला. त्याला घर नव्हतं म्हणून तो गोठ्याचा झाला.’ गावानं सांभाळलं म्हणजे नेमकं काय केलं, हे या दोन माणसांकडे एकत्र पाहिल्याशिवाय कळत नाही. एकामागे एका बाईचं अख्खं आयुष्य उभं होतं, दुसऱ्यामागे कुणीच नव्हतं.

नातेवाईक मधूनमधून सल्ला देत, ‘ठाण्याला पाठवा,’ म्हणजे तिथल्या मनोरुग्णालयात. सरकारलाही याहून दुसरी वाट ठाऊक नव्हती. १९१२ च्या वेड्यांविषयीच्या कायद्यानं मनोरुग्ण आणि जन्मतः बुद्धीनं कमी असलेला माणूस यांना एकाच व्याख्येत बसवलं होतं. एकाला औषधानं बरं वाटू शकतं आणि दुसऱ्याला शिकवणं व सोबत हवी असते, हा फरक कायद्यात यायला १९८७ उजाडलं. त्या वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्यानं मतिमंदत्व मनोरुग्णाच्या व्याख्येबाहेर काढलं. ते योग्यच झालं. पण मनोरुग्णालयाच्या दारातून बाहेर आलेल्या या माणसांसाठी दुसरं दार त्या कायद्यानं उघडलं नाही.

ते दार पालकांनी उघडलं. बहात्तरच्या दुष्काळात माझी पणजी गेली, तेव्हा शेवटच्या आजारपणात तिचा एकच घोष होता: ‘मना मांगे याले कोन दखी?’, माझ्यामागे याच्याकडे कोण बघेल? मोठी मायनं हात हातात घेऊन ‘मी दखसू’, मी बघेन, असं म्हटलं तेव्हा ती गप्प झाली. हाच प्रश्न महाराष्ट्रात ठिकठिकाणी आयाबापांना जाळत होता. नाशिकला रजनी लिमये यांनी आपल्या मुलाच्या निमित्तानं हे दुःख ओळखलं आणि १९७७ मध्ये प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं. मुलं मोठी झाली, शाळेचं वय संपलं, पालकांचे केस पिकले, आणि शाळेपुढचा प्रश्न समोर आला. बदलापूरला विशेष शिक्षकांना घडवणाऱ्या मा. गो. गोरे यांच्या पुढाकारानं पालक एकत्र आले आणि ‘आधार’ उभं राहिलं. तिथे प्रौढ मतिमंद मुलं-मुली कायमची राहतात आणि आईबाप गेल्यावरही त्यांचं घर मोडत नाही. डोंबिवलीजवळ खोणीत अमेय पालक संघटनेचं ‘घरकुल’, नाशिकजवळ पिंपळगाव बहुल्यात मुलींसाठीचं ‘घरकुल’, पुण्याजवळ मारुंजीला ‘नवक्षितिज’, ही सगळी त्याच प्रश्नाची उत्तरं आहेत.

ज्यांना आईबापच नाहीत त्यांचं काय, याचं उत्तर अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी दिलं. अनाथ, बेवारस दिव्यांग मुलांना त्यांनी आपलं नाव दिलं, त्यांच्या हातून माळरानावर झाडं लावून घेतली. अठरा वर्षं पूर्ण झाली की बालगृहातून बाहेर, हा नियम त्यांनी आपल्या लेकरांसाठी मानला नाही. अशा मुलांना आयुष्यभर राहता येईल असा कायदा करा, ही त्यांची अनेक वर्षांची मागणी आहे. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी त्यांची अंध लेक माला पापळकर राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. ही मुलगी सापडली होती आमच्या खानदेशात, जळगावच्या रेल्वे स्थानकावर. खानदेशाच्या लेकीला कायमचं घर मिळालं ते विदर्भात, ही गोष्ट मला आनंद देते आणि टोचतेही.

आमचा नंदुरबार स्वतंत्र जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९९९ मध्ये संसदेनं राष्ट्रीय न्यासाचा कायदा केला. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी हा कायदा आहे. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती, अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमण्याची सोय, ‘निरामय’ योजनेतून लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा, आणि प्रौढांच्या कायमच्या निवासासाठी ‘घरौंदा’, हे सगळं त्यातून आलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं तर कुटुंबाबरोबर आणि समाजात राहणं हा हक्कच ठरवला. कागदावर घर उभं आहे. धडगावच्या आईला त्या कागदापर्यंत पोचायला चांदसैलीचा घाट उतरून नंदुरबार गाठावं लागतं. बुद्ध्यांक मोजायला बसवलेल्या तिच्या मुलाला प्रश्न मराठीत विचारले जातात, आणि तो जे चार शब्द जाणतो ते पावरी किंवा भिलीतले असतात.

किती माणसांचा हा प्रश्न आहे? २०११ च्या जनगणनेत देशात बौद्धिक अपंगत्व असलेले सुमारे १५ लाख लोक नोंदले गेले, म्हणजे हजारात सव्वा. जगभरच्या अभ्यासांतून येणारा अंदाज हजारात दहाच्या आसपास आहे. नंदुरबारची लोकसंख्या त्या जनगणनेत साडेसोळा लाखांच्या घरात होती. पहिल्या हिशेबानं जिल्ह्यात दोन हजार माणसं होतात, दुसऱ्या हिशेबानं सोळा हजार. या दोन आकड्यांच्या मधली माणसं कुठल्या तरी झोपडीत, कुणाच्या तरी आईच्या पदराआड आहेत.

आणि आमच्या जिल्ह्याची एक वेगळी अडचण आहे. दिवाळी झाली की नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, धडगावकडची कुटुंबं मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला गुजरातेत जातात. शाळकरी लेकरांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. तिशीतला मतिमंद भाऊ मात्र कुठल्याच योजनेत बसत नाही. त्याला बरोबर न्यावं तर फडावरच्या पालात हंगामभर कोण लक्ष देणार? मागे ठेवावं तर म्हाताऱ्या आजीशिवाय गावात कोण उरतं? म्हणून इथलं घर पुण्या-मुंबईच्या घरांची नक्कल असून चालणार नाही. इथे कायमच्या निवासाइतकीच हंगामी निवासाची गरज आहे, दिवाळी ते होळी. होळीला माणसं काठी गावच्या आणि आपापल्या गावच्या होळीसाठी परततात, तेव्हा तो माणूसही आपल्या घरी परतला पाहिजे.

नंदुरबारला निवासी व्यवस्था नवी नाही. नंदुरबार आणि तळोद्याच्या प्रकल्प कार्यालयांखाली हजारो मुलं आश्रमशाळांत राहून शिकतात. इमारत कशी चालवायची, स्वयंपाक, आजारपण, सुट्टीला घरी पाठवणं, हे सगळं इथल्या माणसांना येतं. त्याच अनुभवातून तालुक्याला एक, दहा-बारा जणांचं लहान घर उभं राहू शकतं. सांभाळणारी माणसं त्याच पाड्यांतली हवीत, माणसाची भिली, मावची, पावरी, अहिराणी कळणारी, आणि त्यांना महिन्याचा रीतसर पगार हवा. माझ्या मोठी मायनं जे फुकट केलं ते काम होतं, आणि त्या कामावर एका बाईची सगळी वर्षं खर्च झाली. ती कधी माहेरी चार दिवस राहिली नाही. राहणाऱ्यांना झेपेल ते काम मिळावं: नंदुरबारच्या मिरची पथारीवर देठ खुडण्याचं, रोपवाटिकेचं, पत्रावळींचं. आणि त्या कामाचे पैसे त्यांच्या खात्यात जावेत. गोठ्यातल्या त्या माणसाचं साल कुणी ठरवलं नाही, ते या घरांत तरी ठरलं पाहिजे. दारं आतून-बाहेरून उघडी असावीत, तपासणी वरचेवर व्हावी, कारण बंद दारांआड अशा मुलामुलींवर अत्याचार झाल्याचं महाराष्ट्रानं पाहिलेलं आहे. आणि घर इतकं जवळ असावं की बाजाराला आलेली आई एसटीनं येऊन लेकराला भेटून संध्याकाळी परतू शकेल.

बापू १९९८ मध्ये, जिल्हा झाला त्या पावसाळ्यात गेले. मोठी माय खूप रडली आणि मग म्हणाली की देवानं माझं ऐकलं, बापू माझ्याआधी गेला. अशा लेकरांच्या आया हे मागणं रोज मागतात. पोटच्या किंवा पोटच्यासारख्या जिवाचं मरण आपल्याआधी यावं, असं मागायला एखाद्या बाईला लागावं, यासारखी गोष्ट कुठल्याही समाजाला लाज आणणारी आहे. दरमहा दीड-अडीच हजारांच्या अनुदानानं हे मागणं थांबत नाही. आपल्यामागे घर आहे, ते आपण डोळ्यांनी पाहिलं आहे, आपला मुलगा तिथे दोन रात्री राहून हसत परतला आहे, एवढं कळलं तरच ते थांबतं.

डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रानं दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग केला. त्या विभागानं आणि जिल्ह्याच्या स्थानिक समितीनं नंदुरबारपुरतं एक काम हाती घ्यावं. आशाताई आणि अंगणवाडीताई प्रत्येक पाड्याला ओळखतात. त्यांच्याकडून एक यादी करून घ्यावी: माणसाचं वय, त्याला सांभाळणाऱ्या आईचं वय, आणि तिच्यामागे कोण आहे. शेवटचा रकाना जिथे रिकामा असेल आणि आई साठीच्या पुढे असेल, त्या नावांपासून पहिलं घर भरायला घ्यावं. घर बांधायला निधी लागेल, वेळ लागेल. यादीला एवढं काही लागत नाही, ती या दिवाळीआधी, उसाच्या गाड्या भरायच्या आत होऊ शकते.