स्त्रियांचे म्हणणे आणि आत्रेयांचा नकार

संस्कृत काव्यातली गर्भिणी आपल्या परिचयाची आहे. ‘रघुवंशा’च्या तिसऱ्या सर्गात कालिदास सुदक्षिणेचा लोध्रपुष्पासारखा फिकटलेला चेहरा आणि काळवंडलेली स्तनाग्रे वर्णितो. वर्गात शिकवताना आपण उपमांची चर्चा करतो (आणि थोडे संकोचतोही). वैद्यकग्रंथांतही ही खूण आहे. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहिता स्तनमुखांचे काळेपण आणि पोटावर उमटणारी रोमराजी ही गर्भधारणेची लक्षणे म्हणून नोंदवतात. कवी काय, वैद्य काय, दोघेही पाहणारे. जिच्या अंगावर हे घडते ती मात्र बोलत नाही.

म्हणूनच चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायातली एक जागा आम्हांला महत्त्वाची वाटते. सातव्या महिन्याच्या संदर्भात तेथे स्त्रियांचे म्हणणे येते : गर्भाला केस फुटू लागले की आईला जळजळ होते. पाठोपाठ भगवान आत्रेय ते नाकारतात. त्यांच्या मते गर्भाच्या दाबामुळे वात, पित्त व कफ उरापर्यंत चढतात. त्यातून जळजळ, जळजळीतून खाज, आणि खाजेतून ‘किक्किस’, म्हणजे गर्भिणीच्या त्वचेवर उमटणारे भेगांसारखे वळ.

पूर्वपक्ष मांडून तो खोडणे ही शास्त्रग्रंथांची रीतच. पण याच शारीरस्थानात गर्भाचे कोणते अंग प्रथम घडते, या वादात भरद्वाज, कांकायन अशी एकेका पक्षकाराची नावे दिली आहेत. येथे फक्त ‘स्त्रिया’. तरीही ग्रंथकाराला हे मत दुर्लक्षिता आले नाही, याचा अर्थ ते तेव्हाही सर्वतोमुखी असले पाहिजे. पुढे उपचार येतात : चंदन व कमळदेठाचा लेप, औषधीसिद्ध लोणी. खाजवू नये, कारण कातडी फाटून विरूपता येते. मात्र खाज असह्यच झाली तर चोळावे. या सवलतीमागे कोणा गर्भिणीची तक्रार असावी, असे आम्हांला वाटते.

या वादाला 2006 मध्ये एक अनपेक्षित पुरवणी जोडली गेली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधील संशोधकांनी 64 गर्भवतींची पाहणी केली, तीही ही लोकसमजूत खोटी ठरेल या अपेक्षेने. मध्यम वा तीव्र जळजळ झालेल्या 28 जणींपैकी 23 जणींच्या बाळांना सरासरीइतके वा अधिक केस होते; जळजळ मुळीच न झालेल्या 12 पैकी 10 जणींची बाळे विरळ केसांची वा टकली. गर्भकाळातील संप्रेरके जठराच्या मुखाशी असलेली झडप सैल करतात. तीच बाळाच्या केसवाढीवरही परिणाम करीत असावीत, असा त्यांचा तर्क. पाहणी लहान आहे, आणि केसांमुळेच जळजळ होते हे तिने सिद्ध होत नाही. आत्रेयांचा दाबाचा मुद्दाही आजचे वैद्यक मानते. किक्किसाचे मूळ मात्र ते खाजेत नव्हे, तर त्वचेच्या ताणात आणि संप्रेरकांत शोधते.

पण जळजळ आणि जावळ यांची सांगड घालायला दोन्ही पाहणारे कोणी हवे : सातव्या महिन्यातली कुरकुर ऐकणारे आणि बाळंतपणानंतर बाळाचे डोके पुसणारे. ही माणसे वैद्यसभेत नव्हती, बाळंतिणीच्या खोलीत होती. जळजळ होतेय, म्हणजे बाळाला जावळ दाट येणार, असे म्हणणाऱ्या आज्या आजही भेटतात. त्यांपैकी कोणी चरकसंहिता वाचलेली नसते.