खुणेचे पिस्तूल

"मामा, बंदूक म्हणू नका. मार्कर म्हणा."

माझ्या भाच्याने मला पहिल्याच वाक्याला अडवले. मी पडलो शाळामास्तर. चुका काढण्याचे काम माझे; माझी चूक दुसऱ्याने काढावी, तीही कालच्या पोराने, हे मला फारसे रुचले नाही. पण तो शब्द मात्र मनात घोळत राहिला. मार्कर म्हणजे खूण करणारा. ज्या यंत्राला नळी आहे, घोडा आहे, आणि जे माणसावर रोखले जाते, त्याला 'खूण करणारा' असे भिक्षुकी नाव कोणी आणि का द्यावे?

हा भाचा मावळात, लोणावळ्याच्या अलीकडे एका माळावर, पेंटबॉलच्या मैदानावर नोकरीला आहे. खेळायला येणाऱ्यांना मुखवटे वाटणे, मार्कर साफ करणे, बिघडलेले जुळवणे हे त्याचे काम. ज्या वाचकांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन पक्ष असतात. प्रत्येकाच्या हाती वायूच्या दाबाने रंगाच्या गोळ्या उडवणारे यंत्र असते. गोळी अंगावर फुटून रंग उमटला की तो गडी बाद. आपल्याकडची मंडळी लगेच म्हणतील, "मग ही रंगपंचमीच की!" मलाही तसेच वाटले होते. पण नीट पाहता गोष्ट अगदी उलटी आहे. रंगपंचमीत ज्याच्या अंगावर रंग पडला तो खेळात आला. इथे ज्याच्या अंगावर रंग पडला तो खेळातून गेला.

गेल्या जानेवारीत त्याने मला मुद्दाम बोलावून घेतले. एक जुना मार्कर त्याने दोन महिने खपून सुधारला होता आणि तो मामाने चालवून पाहावा अशी त्याची इच्छा होती. घरातून याला कडाडून विरोध झाला, आणि त्याला कारणही होते. १९८७ साली दूरदर्शनवर रामायण लागले तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आमच्या आळीतल्या प्रत्येक पोराच्या खांद्याला धनुष्य होते. खराट्याच्या काडीचा एक बाण माझ्या डाव्या डोळ्यात शिरला. तेव्हापासून त्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढेच कळते. बाण सोडणारा माझा सख्खा थोरला भाऊ होता. त्या दिवसापासून त्याने हातात गोफणसुद्धा धरली नाही.

"अहो, उरलाय तो एकच डोळा आहे," सौभाग्यवती म्हणाली. मी म्हणालो, नेम धरायला एकच लागतो. हा विनोद तिला आवडला नाही.

असो. जाण्यापूर्वी, मास्तराच्या सवयीने, या खेळाचा इतिहास धुंडाळला. आणि त्या 'मार्कर' शब्दाचा उलगडा झाला, तो थेट माझ्या वडिलांपाशी जाऊन.

माझे वडील वनखात्यात रक्षक होते. तोडीसाठी निवडलेल्या झाडाची साल खरवडायची, त्यावर शिक्क्याचा हातोडा मारायचा आणि डांबराने नंबर घालायचा, हे काम मी लहानपणी त्यांच्या मागे हिंडून पुष्कळ पाहिले आहे. ओढ्यापलीकडचे एखादे झाड राहिले की वडील धोतराचा काचा मारून पाण्यात उतरत. अमेरिकेतल्या वनरक्षकांपुढेही अडचण हीच होती. तिथल्या मिशिगन राज्यात नेल्सन पेंट कंपनी नावाचा जंगलकामाचे रंग करणारा कारखाना आहे. झाडापाशी न जाता दुरूनच त्यावर रंगाचा ठिपका उमटवता यावा म्हणून या कंपनीने एक पिस्तूल बनवून घेण्याचे मनावर घेतले. पहिला प्रयत्न फारसा खपला नाही. पुढे १९७० च्या दशकात छऱ्यांच्या बंदुका करणाऱ्या डेझी कंपनीकडून जे पिस्तूल तयार झाले त्याचे नाव नेलस्पॉट ००७. हेरकथांतल्या त्या सुप्रसिद्ध नायकाचा आकडा त्याला चिकटवला होता खरा. पण हे बिचारे पिस्तूल झाडांवर खुणा करी आणि गुराख्यांच्या हाती गेले की कळपातली गाय-बैल वेगळी ओळखू यावीत म्हणून त्यांच्या पाठीवर ठिपके देई.

गोळी कशाची होती, हेही सांगण्यासारखे आहे. आपण लहानपणी कॉड माशाच्या तेलाची जी मऊ, गुळगुळीत गोळी नाक मुठीत धरून गिळत असू, तिचीच ही मोठी बहीण. जिलेटिनच्या दोन पट्ट्या साच्यांच्या फिरत्या रुळांमधून नेऊन त्यांत औषध भरून बंद करण्याचे यंत्र रॉबर्ट शेरर याने १९३० च्या दशकाच्या आरंभी डेट्रॉइटमध्ये बनवले. पुढे त्याच्याच कंपनीच्या यंत्रांतून औषधाऐवजी रंग भरलेल्या गोळ्या निघू लागल्या. आरंभीचा रंग तेलाचा असे. झाडावर तो टिकायला हवा होता ना! माणसाच्या अंगावरून तो काढायला टर्पेंटाइन लागे. पाण्याने धुऊन निघणारा रंग पुढे, खेळ वाढल्यावर आला.

आता खेळ. हेज नोएल नावाचा न्यूयॉर्कच्या शेअरबाजारातला एक दलाल आणि चार्ल्स गेन्स नावाचा लेखक हे दोघे मित्र. गेन्स न्यू हॅम्पशायरच्या रानात राहणारा. शरीरसौष्ठवावरचे त्याचे 'पम्पिंग आयर्न' हे पुस्तक १९७४ साली निघून गाजले होते. दोघांचा वाद असा की, जीव वाचवण्याची अक्कल कोणाला अधिक? शहराच्या गर्दीत पोट भरणाऱ्याला की रानात वाढलेल्याला? आपल्याकडे असला वाद पारावर सुरू होतो आणि पारावरच मावळतो. त्यांनी तो तडीस न्यायचे ठरवले. पण कसा? एका मित्राला शेतीच्या सामानाच्या सूचिपत्रात ते नेलस्पॉट सापडले आणि वादाला हत्यार मिळाले. बॉब गर्न्सी नावाच्या तिसऱ्या मित्राने नियम बसवायला हातभार लावला. २७ जून १९८१ रोजी हेनिकर या गावाजवळच्या रानात बारा जण उतरले. चार ठिकाणी निशाणे ठेवली होती. रंग न लागता चारही ठिकाणचे एकेक निशाण घेऊन जो रानाबाहेर येईल तो जिंकला. पक्ष नाहीत, सोबती नाही. प्रत्येक जण बाकीच्या अकरांचा वैरी.

जिंकला कोण? रिची व्हाइट नावाचा एक वनकर्मी. आणि गंमत अशी की, त्याने दिवसभरात एकही गोळी झाडली नाही! तो नुसता रानातून हिंडला, निशाणे गोळा केली आणि बाहेर आला. हे वाचले तेव्हा मला वडील आठवले. पाचोळ्यातून चालताना ते टाचेऐवजी पावलाची कड आधी टेकवीत. चार हातांवर असले तरी त्यांची चाहूल लागत नसे. दलाल आणि लेखक यांचा वाद त्या दिवशी रान कळणाऱ्याने मिटवला, आणि तोही ज्याच्यासाठी ते पिस्तूल मुळात घडले त्याच्याच धंद्यातल्या माणसाने.

त्या बारांत असलेल्या एका पत्रकाराने हकीकत अमेरिकेतल्या 'स्पोर्टस् इलस्ट्रेटेड' साप्ताहिकात लिहिली. चौकशीची पत्रे येऊ लागली. गर्न्सीने त्याचा व्यवसाय केला आणि १९८२ पासून पैसे देऊन खेळण्याची मैदाने निघू लागली.

मग सुरू झाल्या सुधारणा. माझ्या मते या खेळाचा खरा इतिहास तोच आहे. मूळ पिस्तूल अगदीच गावंढळ होते. दर गोळीला खीळ मागे ओढायची, पिस्तूल तिरपे करून पुढची गोळी घरंगळत जागेवर आणायची, खीळ लावायची, मग घोडा दाबायचा. बारा ग्रॅम वायूची इवलीशी नळी भरायची. ती संपली की दुसरी. नेम चुकला तर पुढचे काही क्षण तुम्ही उघड्यावर उभे असलेले मूर्ख. म्हणून लपणाऱ्याला किंमत होती. पुढे पुढे-मागे सरकवायची मूठ आली, वर गोळ्यांचे डबडे आले, छोट्या नळीऐवजी पुन्हा भरता येणारी टाकी आली. १९८० चे दशक संपता संपता घोडा दाबताच पुढची गोळी आपोआप जागेवर बसू लागली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बॅटरी आणि विजेचे घोडे आले. सेकंदाला दहाबारा गोळ्या सुटू लागल्यावर पाचोळ्यात पाऊल कसे टाकावे याला कोण विचारतो? स्पर्धांनी रानही सोडले. मोकळ्या मैदानात हवा भरलेल्या फुग्यांच्या आडोशाने त्या होऊ लागल्या. मला व्यक्तिशः हे आवडत नाही. रिची व्हाइट तिथे दोन मिनिटे टिकला नसता.

माझे हे मत मी भाच्याला ऐकवले. तो हसला. "मामा, मी वेग वाढवलेलाच नाही. या, दाखवतो."

मैदानाच्या तोंडाशी गोळीचा वेग मोजण्याचे एक यंत्र ठेवलेले असते. सेकंदाला तीनशे फूट ही या खेळातली सर्वत्र मानली जाणारी वरची मर्यादा. या मैदानावर ती आणखी खाली ठेवलेली. त्याने आधी न सुधारलेला मार्कर भराभर झाडला. आकडे उमटले: २८४, २७१, २५९, २४३. कारण असे की, त्यात कार्बन डायऑक्साइड असतो. टाकीत तो द्रवरूप असतो, सुटताना त्याचा वायू होतो आणि तसे होताना तो टाकी थंड करतो. थंडी वाढली की दाब उतरतो. हाताला टाकी लावून पाहिली तर दहिवर पडल्यासारखी गार होती. उलट, दुपारच्या उन्हात हाच मार्कर ठेवला तर दाब चढतो आणि सकाळी मर्यादेत असलेली गोळी दुपारी मर्यादेबाहेर जाते. "लागतं ते तेव्हाच, मामा," भाचा म्हणाला.

मग त्याने सुधारलेला हाती घेतला. टाकीत कार्बन डायऑक्साइडऐवजी नुसती दाबून भरलेली हवा. तिच्या तोंडाशी दाब एकसारखा राखणारी झडप. आणि गोळीच्या मापाला नेमकी बसणारी नवी नळी. २७६, २७९, २७७, २७८. दोन महिने खपून पोराने वेग वाढवला नव्हता, लहर काढून टाकली होती. मी काही बोललो नाही. पण माझी ती सुधारणांवरची टीका मला तिथल्या तिथे थोडी मागे घ्यावी लागली.

खेळायला पुण्याच्या एका बँकेतली मंडळी आली होती. त्यांना एक गडी कमी पडत होता, तो मी झालो. मुखवटा कानांपर्यंत येणारा, डोळ्यांपुढे न फुटणारी जाड काच. पहिल्या काळातले खेळाडू कारखान्यात घालतात तसले साधे चष्मे लावून खेळत. हे मुखवटे नंतरचे. भाच्याने माझा पट्टा तीनदा ओढून पाहिला. "काही झालं तरी मैदानात हा काढायचा नाही. काच धुरकट झाली तरी नाही, रंगाने भरली तरी नाही. हात वर करा, खाली बसा, मी येईन."

मी करवंदीच्या जाळीमागे बसलो. मार्कर खरोखर उत्तम चालत होता. जिथे धरावा तिथे गोळी जाई. चुकत होतो तो मी. चाळीसएक गोळ्यांत एकच बाद झाला, तोही आमच्याच बाजूचा रोखपाल. मग वडिलांसारखी पावलाची कड टेकवीत मी ओढ्याच्या काठाने त्यांच्या निशाणाकडे निघालो. जवळजवळ पोचलो होतो. मला वाटते, माझी चाहूल कोणाला लागली नसती. पण डाव्या बाजूने कोण येते आहे हे मला दिसणे शक्यच नव्हते. मान वळवली आणि काचेवर, उजव्या डोळ्याच्या नेमकी समोर, गोळी फुटली.

नारिंगी अंधार झाला. आठव्या वर्षीचा तो आवाज, आईची हाक, सगळे एकदम वर आले. हात आपोआप मुखवट्याच्या पट्ट्याशी गेला. बोटे तिथे अडकलीही. आजूबाजूला फटफट गोळ्या फुटत होत्या. मी हात सोडवला, वर केला आणि चिखलात खाली बसलो.

किती वेळ गेला कोण जाणे. मग कोणीतरी दंडाला धरून मला उठवले आणि चालवत नेले. जाळीबाहेर आल्यावर भाच्याने स्वतःच्या हाताने मुखवटा उतरवला. मी डोळा उघडला. समोर माळ होता, वाळलेले गवत होते, आणि माझ्यापेक्षा पांढरा पडलेला तो उभा होता. खिशातल्या फडक्याने तो काच पुसू लागला. काचेला ओरखडाही नव्हता.

"आईला सांगू नका हं, मामा," तो म्हणाला. त्याची आई म्हणजे माझी बहीण; बाण लागला त्या दिवशी मला पाठुंगळी घेऊन दवाखान्यापर्यंत पळाली होती ती.