पदवीमागील जमाखर्च

परदेशी जाऊन विद्या संपादन केलेल्या स्त्री-पुरुषांची चरित्रे आपल्याकडे मोठ्या आवडीने वाचली जातात. कोणती पदवी कोणत्या साली मिळाली, हे शाळेतील मुलेही घडाघडा सांगतात. परंतु त्या पदवीकरिता तो विद्यार्थी रोज काय खात होता, थंडीत कोठे निजत होता आणि महिनाअखेरीस त्याच्या गाठीस काय उरत होते, असे विचारले तर बहुतेक जण गप्प बसतात. माझ्या मते इतिहासाचे मर्म या दुसऱ्या प्रश्नात आहे. बुद्धी कितीही तल्लख असो, शिक्षण चालते किंवा थांबते ते या जमाखर्चावरच.

प्रथम आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण घेऊ. 1883 सालच्या एप्रिलात, वयाच्या अठराव्या वर्षी, त्या कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या व जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. त्याच वर्षी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचा प्रवेश झाला व शिष्यवृत्तीही मिळाली. अभ्यासाचे भय त्यांना नव्हते. खरी झुंज होती ती खोलीशी आणि ताटाशी. खोलीतील शेगडी नीट पेटत नसे. तेव्हा एकतर धूर सोसावा, नाहीतर थंडी. मांसाहार वर्ज्य आणि पोशाख साडीचाच. त्या हवेत शरीराचा टिकाव लागावा कसा? तरीही 11 मार्च 1886 रोजी त्यांनी पदवी घेतली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रीविभागाची जागाही त्यांच्यासाठी ठरली होती. पण तीवर रुजू होण्याआधीच, 26 फेब्रुवारी 1887 रोजी, क्षयाने त्यांचा पुण्यास अंत झाला. पदवी जमेस पडली खरी, पण खर्चाच्या बाजूस सारे आयुष्य मांडावे लागले.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. बडोद्याचे सयाजीराव महाराज यांनी त्यांस दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता दिली. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, असा करार होता. 1913 च्या जुलैत ते न्यूयॉर्कला पोहोचले व कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी जो स्नेह जडला तो जन्मभर टिकला. इकडे परळच्या चाळीत रमाबाई संसार ओढीत होत्या, त्यामुळे तिकडे एकेक नाणे जपून खर्चावे लागे. चैन एकच, जुनी पुस्तके विकत घेण्याची.

1916 साली ते लंडनला गेले. तेथे अर्थशास्त्राचा व कायद्याचा अभ्यास नुकता सुरू होतो न होतो तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली, आणि 1917 साली त्यांस परत फिरावे लागले. चार वर्षांच्या आत पुन्हा येऊन अभ्यास पुरा करण्याची सवलत तेवढी मिळाली. पुस्तके वेगळ्या जहाजाने पाठविली होती. ते जहाज महायुद्धात जर्मन पाणबुडीने बुडविले. अशा विद्वानाचा अभ्यास बुद्धी अपुरी पडल्याने थांबला नव्हता. तारीख संपली म्हणून तो थांबला होता.

मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठविला. शाहू महाराजांनी साह्य केले, भथेनांनी उसने दिले, आणि 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बसावे, दुपारचे जेवण वाचवावे, रात्री उशिरा भूक अनावर झाली की ओळखीच्याने दिलेले पापड भाजून खावेत, असा तो क्रम. त्यांच्या प्रबंधाचा विषय रुपयाचा प्रश्न हा होता, ही गोष्टही ध्यानात घ्यावी. 1920 साली सरकारने रुपयाचा भाव दोन शिलिंग ठरविला, आणि पुढल्याच वर्षी बाजारात तो सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. रुपयांत पैसा मागवून पौंडांत भाडे देणाऱ्यास हे प्रकरण केवळ पुस्तकातले नव्हते. 1923 साली त्यांस डी.एस्सी. मिळाली.

आता आमच्या भागाकडे वळतो. आमचे चुडावा हे पूर्णा व नांदेड यांच्या दरम्यानचे रेल्वेचे लहानसे स्टेशन. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षणाचे माध्यम उर्दू. म्हणजे येथील मराठी मुलास आगगाडीत बसून हैदराबाद गाठले की भाषेच्या दृष्टीने परदेशच लागे. 1950 साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले आणि त्याच साली बाबासाहेबांच्या संस्थेने औरंगाबादेस महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय. ज्याने स्वतः उपाशी राहून विद्या मिळविली, त्याने मराठवाड्यातील मुलांची पायपीट कमी केली.

आज परदेशी जाणाऱ्यांत खेड्यांतील मुलेही आहेत. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची परदेश शिष्यवृत्ती शाहू महाराजांच्याच नावाने आहे. लंडनमधील किंग हेन्रीज रोडवरील ज्या घरात बाबासाहेब राहिले, ते 2015 साली महाराष्ट्र शासनाने विकत घेऊन स्मारक केले. हे योग्यच झाले. परंतु स्मारकास हार घालताना एवढे स्मरावे की, शिष्यवृत्तीचा हप्ता महिनाभर लांबला तर त्या महिन्याचे भाडे व जेवण लांबत नाही. आणि रुपया घसरला की घरून पाठविलेली तीच रक्कम तिकडे तोकडी पडते.

यास्तव पालकांस माझी विनंती आहे. मुलाचा दूरध्वनी आला म्हणजे परीक्षेचे अवश्य विचारा, पण त्याआधी विचारा की, आज जेवलास काय, खोली उबदार आहे काय, आणि पैसे किती दिवस पुरतील. मूल बहुधा सारे ठीक आहे असेच सांगेल. तेवढ्याने समाधान न मानता हिशेब विचारावा. त्यात संशय नाही, माया आहे.