मागच्या रांगेतून ऐकलेला पोवाडा

पोवाडा रंगात आला की सगळ्यांचे डोळे शाहिराच्या तुऱ्यावर खिळतात. त्याच्या मागं उभ्या असलेल्या झीलकऱ्यांकडं सहसा कुणी पाहत नाही. माझे आजोबा त्या मागच्या रांगेतले. कराडच्या आसपासच्या यात्रा-जत्रांमधून त्यांनी तुणतुणं वाजवलं, झील धरली, आणि म्हातारपणी आम्हा नातवंडांना पोवाडा समजावला तो मागच्या रांगेतून दिसतो तसा. "शाहीर दम घेतो तवा गोष्ट कोण धरून ठेवतं? आमी," असं ते म्हणायचे.

कागदावर झीलकऱ्यांचा 'जी जी रं जी' हा निव्वळ भरणा वाटतो. मैदानात तो तीन कामं करतो. शाहिराला श्वास मिळतो, पुढची ओळ जिभेवर यायला सवड मिळते, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकलेलं मनात बसवायला क्षणभर उसंत मिळते. ध्वनिक्षेपक नव्हता तेव्हा ही उसंत फार मोलाची होती. आजोबांचं तुणतुणं मी हाताळलेलं आहे. लाकडी नळकांडं, तळाला कातडं, त्यातून वर खुंटीला ताणलेली एकच तार. सूर एकच, तोही अखंड. शाहीर कितीही वर चढला, तरी परत कुठं उतरायचं हे ती तार सांगत राहते. डफाचं कातडं दमट हवेत ढिलं पडलं की कार्यक्रमाआधी तो निखाऱ्यावर धरून तापवायचा, थाप मारून बघायची, पुन्हा तापवायचा. हे काम आजोबा दुसऱ्या कुणाला करू देत नसत.

शाळेत आम्हाला पोवाड्यातले अलंकार ओळखायला सांगत. अनुप्रास, अतिशयोक्ती, उपमा अशी नावं लिहिली की गुण मिळत. पण तो अलंकार तिथं का आला, हे मला घरी कळलं. यमकाचंच बघा. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि भूतकाळ आला की आला, गेला, केला, मारला अशी रांगच लागते. गोष्ट सांगणाऱ्याला यमक शोधत बसावं लागत नाही, भाषाच ते हातात देते. म्हणून जुन्या पोवाड्यांत ओळी लांबीला वेड्यावाकड्या असतात, पण शेवटाला पक्क्या बसतात. जादा अक्षरं शाहीर घाईनं उच्चारून तालात कोंबतो, कमी पडली तर स्वर लांबवतो. मात्रा मोजणाऱ्याला हे सदोष वाटेल. मला यात कानाची मोठी शिस्त दिसते.

शिवकाळातला पहिला उपलब्ध पोवाडा अज्ञानदासाचा, अफजलखान वधाचा. प्रसंग १० नोव्हेंबर १६५९ चा, प्रतापगडाच्या पायथ्याचा. या रचनेबद्दल शाहिराला घोडा आणि सोन्याचा तोडा बक्षीस मिळाला, अशी परंपरा आहे. आजोबा ही हकिकत सांगताना ताठ बसत, जणू तो तोडा साऱ्या शाहिरांच्या वतीनं स्वीकारलेला होता.

पण त्यांचा जीव तुळशीदासाच्या सिंहगडाच्या पोवाड्यावर. तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा, म्हणजेच सिंहगड, घेतला तो फेब्रुवारी १६७० मध्ये. पोवाडा मात्र लढाईपासून सुरू होत नाही. जिजाऊ गडावरून कोंढाण्याकडं पाहतात, शिवाजीराजांना बोलावून घेतात, सोंगट्यांचा डाव मांडतात, जिंकतात आणि पणात तो किल्ला मागतात. इकडं तानाजींच्या मुलाच्या, रायबाच्या लग्नाची तयारी चाललेली. लढाई दूरच राहते आणि शाहीर घरातच रेंगाळतो. राजकारणाचा सगळा पेच एका आईच्या हट्टात आणि एका बापाच्या मोडलेल्या बेतात आणून ठेवला, की ऐकणाऱ्या शेतकऱ्याला तो स्वतःच्या ओसरीवरचा वाटतो. आणि गडावर पोचल्यावर किल्लेदार उदेभानाचं वर्णन बघा. त्याच्या बायकांची संख्या, त्याचा हत्ती, त्याचे सरदार, सगळं अफाट. शत्रू जेवढा थोर, तेवढी मरणाची किंमत मोठी. अतिशयोक्ती इथं वजन तोलून वापरली आहे.

मग कडा चढायला सोडलेली घोरपड. ती अर्ध्या कड्यावरून माघारी फिरते, तानाजी तिला दटावून पुन्हा वर धाडतात. राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिलेल्या सभासद बखरीत कोंढाण्याचा प्रसंग आहे, घोरपड नाही. इतिहासाच्या अभ्यासकांनी ती बाजूला ठेवली, ते योग्यच केलं. पण पोवाड्याला ती हवीच होती. श्रोत्यांपैकी प्रत्येकाला तानाजी पडणार हे ठाऊक असतं. जनावराला जे कळलं ते माणूस कळूनही मागं सारतो, हा ताण त्या एका माघारीनं उभा राहतो. इथं आजोबा झील खालच्या पट्टीत घ्यायचे आणि डफ जवळजवळ थांबायचा. घोरपड दुसऱ्यांदा चढू लागली की चाल दुप्पट. आमची आत्या सांगायची, यात्रेतल्या बायका त्या जागी हातातली मुलं घट्ट धरायच्या.

ही सगळी साधनं पुढं वेगळ्या कामाला आली. जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये शिवाजीराजांवर पोवाडा रचला, तो कुणबी, माळी, महार, मांग यांना समजावा म्हणून मोठमोठे संस्कृत शब्द जाणून टाळून. विसाव्या शतकात आमच्या शेजारच्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे, बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढलं आणि तोच डफ गिरणी कामगारांपुढं वाजला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आजोबांनीही सभांमधून झील धरली. अण्णा भाऊंच्या 'माझी मैना' या छक्कडीतली ताटातूट झालेली घरधनीण पाहता पाहता बेळगाव-कारवारचा सीमाभाग होते, हे रूपक ऐकताना आपल्या अंगावर काटा आला होता, असं ते सांगत. हुतात्म्यांची नावं घेताना शाहीर मुद्दाम सावकाश जायचा. एरवी नामावळी म्हणजे फौजेतल्या सरदारांची. इथं कामगार, विद्यार्थी, साधी माणसं. प्रत्येक नावामागं झील, आणि झीलेपुरती शांतता.

शंकर तुकाराम शाळिग्राम आणि हॅरी अॅक्वर्थ यांनी गोंधळी-शाहिरांच्या तोंडचे पोवाडे जमवून १८९१ मध्ये छापले, पुढं य. न. केळकरांनी कष्टानं संपादन केलं. त्यांच्यामुळं शब्द वाचले. मी असा छापील पोवाडा आजोबांना वाचून दाखवायचो तेव्हा ते दर दोन ओळींनी मला अडवत, कारण मी भरभर पुढं जायचो आणि त्यांची जागा मला दिसतच नसे. नवी आवृत्ती कुणी काढत असेल, तर एवढं करावं: चाल कुठं बदलते, डफ कुठं थांबतो, झील वरच्या पट्टीत की खालच्या, याच्या खुणा समासात द्याव्यात, आणि त्या देण्यासाठी ज्यांनी मागच्या रांगेत आयुष्य काढलं अशा म्हाताऱ्यांकडं आत्ताच जावं.